काँक्रीटच्या रस्त्यावरचे काप, ओरखडे आणि तो मेसेज

गेल्या पंधरवड्यात तो मेसेज मला पाच ग्रुपांवर आला. सोसायटीच्या, शाळेच्या बॅचच्या, आणि शेवटी घरच्या ग्रुपवर मामांकडून, खाली ‘तू याच लाइनीतला ना? खरं का रे हे?’ असं लिहून. मथळा होता ‘काँक्रीट रस्त्यांचा महाघोटाळा’, सोबत तडा गेलेल्या रस्त्याचा फोटो. मजकूर थोडक्यात असा: पूर्वी मिस्त्री-मजूर हाताने रस्ते करायचे, ते पन्नास वर्षं टिकायचे. आता मशीन दिवसाला किलोमीटर रस्ता ओतून मोकळं होतं, म्हणून तडे जातात. माल कोरडा असतो, आत लोखंड नसतं, तडे लपवायला कटरने रेघा मारतात, पाणी मारायच्या ऐवजी पांढरा रंग फवारतात, आणि वरचे ओरखडे तसेच सोडून देतात.

मी अकरा वर्षं महामार्गाच्या कामांवर काढली. बरीचशी क्वालिटीच्या लॅबमध्ये, त्यातली चार पेव्हरच्या, म्हणजे रस्ता ओतणाऱ्या त्याच मशीनच्या, मागेमागे चालत. मामांना उत्तर लिहायला बसलो, ते लांबलं, म्हणून इथे टाकतोय. रस्त्यांच्या कामात पैसे खाल्ले जात नाहीत असं मी म्हणणार नाही, तसं म्हटलं तर माझेच जुने सहकारी हसतील. पण मेसेजात चोरी ओळखायच्या म्हणून ज्या खुणा दिल्यात, त्यातल्या बहुतेक नीट केलेल्या कामाच्या खुणा आहेत. चोर सोडून संन्याशाला फाशी.

‘मशीन दिवसाला किलोमीटर ओततं, घाईचं काम’

आधी हे मशीन काय करतं ते बघू. स्लिपफॉर्म पेव्हर म्हणजे पट्ट्यांवर चालणारा, रस्त्याच्या रुंदीएवढा लोखंडी साचा. पुढे टिपर माल टाकतात, मशीन तो पसरतं, आत ओळीने लावलेले व्हायब्रेटर तो घट्ट बसवतात, आणि मागून तयार स्लॅब बाहेर पडतो. बाजूंना शटरिंग नसतं. साचाच मशीनबरोबर पुढे सरकतो आणि मागे राहिलेली कड स्वतःच्या बळावर उभी राहते. दोन्ही बाजूंना ताणलेल्या तारेवर सेन्सरचे काटे टेकलेले असतात, त्यावरून मशीन आपली पातळी आणि दिशा धरतं. त्या तारेला कुणाचा पाय लागला तर फोरमन जे बोलतो ते इथे छापण्यासारखं नाही. ही काल आलेली कल्पनाही नव्हे. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात अशा मशीनने रस्ता केला गेला तो १९४९ साली.

आता घाईचा हिशोब. साडेआठ मीटर रुंद, ३०० मिलिमीटर जाड स्लॅब धरा. पेव्हर चांगला चालला तर मिनिटाला एक मीटरच्या आसपास सरकतो. म्हणजे किलोमीटरला जवळजवळ सतरा तास. रांगणारं मूलही त्याच्या पुढे जाईल. पण त्या एका मीटरला अडीच घनमीटर माल लागतो. एका टिपरात सहा घनमीटर धरले तर दर अडीच मिनिटांनी एक टिपर मशीनसमोर उभा हवा, दिवसरात्र.

खरी भानगड इथे आहे. पेव्हरच्या कामात वेगाची भीती नसते, थांबण्याची असते. मशीन चालत राहिलं की स्लॅब एकसारखा निघतो. माल संपून उभं राहिलं की साच्याखालचं काँक्रीट आवळायला लागतं आणि पुन्हा सुरू करताना तिथे उंचवटा किंवा कच्ची जागा राहते. एका कामावर रात्री दोन वाजता प्लांटच्या कच्च्या रस्त्यावर टिपर आडवा झाला, मागचे सहा अडकले. पाऊण तास पेव्हर उभा. त्या वेळी योग्य गोष्ट एकच होती: तिथेच स्लॅब बंद करून रीतसर जोड घ्यायचा. पण जोड घेतला की पाळी संपते आणि त्या दिवसाचे मीटर कमी दिसतात. साहेब म्हणाले, चालू द्या. पुढे त्या जागेवरून गाडी गेली की पोटात गोळा यायचा, इतका तो उंचवटा जाणवायचा. यात मशीनचा दोष कुठला?

‘माल इतका कोरडा की पाणीच घालत नाहीत’

पाणी कमी असतं हे खरं. तसंच असायला हवं. घरच्या स्लॅबचा माल आपण बघितलेला असतो, घमेल्यातून वाहणारा. पेव्हरचा माल वेगळा. लॅबमध्ये तीस सेंटिमीटर उंचीच्या शंकूत भरून साचा वर उचलला की तो जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर बसतो. जास्त बसला तर साचा पुढे गेल्यावर स्लॅबची कड ढासळणार. सिमेंटला पक्कं व्हायला त्याच्या वजनाच्या साधारण चार दशांश पाणी पुरतं. त्याहून जास्त घातलेलं पाणी पुढे उडून जातं, मागे छिद्रं ठेवतं आणि स्लॅब जास्त आकसतो. म्हणजे तड्यांना आमंत्रण ओल्या मालाचं असतं. हाताने पसरायचा माल सैल लागतो, मजुराला फावड्याने ओढता यायला हवा, आणि न ओढला तर कुणीतरी पाइप धरून त्यात पाणी सोडतंच. हे मी इतक्या वेळा बघितलंय की ‘पाणी मारून मऊ केलेला माल’ हे शब्द ऐकले तरी कपाळावर आठी येते.

‘आत लोखंड नाही, सळ्या विकून खाल्ल्या’

घराच्या स्लॅबसारखी सळ्यांची जाळी रस्त्यात नसते, कारण हा स्लॅब दोन भिंतींवर टेकलेला नाही. तो पूर्ण जमिनीवर पडलेला आहे. खाली ड्राय लीन काँक्रीटचा, म्हणजे कमी सिमेंटच्या कोरड्या काँक्रीटचा थर, मध्ये प्लॅस्टिकचा कागद आणि वर हा जाड स्लॅब. लोखंड असतं ते फक्त जोडांमध्ये. आडव्या जोडात डॉवेल: ३८ मिलिमीटर जाडीचे, अर्धा मीटर लांबीचे गुळगुळीत गज, दर ३०० मिलिमीटरवर एक. साडेतीन मीटरच्या एका लेनमध्ये एका जोडाला अकरा गज, वजन पन्नास किलोच्या आसपास. साडेचार मीटरवर एक जोड या हिशोबाने एका लेनच्या किलोमीटरला जवळजवळ अकरा टन. लेन-लेनमधल्या उभ्या जोडात टाय बार, म्हणजे दोन लेन एकमेकींना बांधून ठेवणारे गज असतात, ते वेगळे.

डॉवेल गुळगुळीत ठेवतात आणि अर्ध्या लांबीवर प्लॅस्टिकची नळी चढवतात, ते स्लॅबला सरकायला वाव मिळावा म्हणून. चाक एका स्लॅबवरून दुसऱ्यावर जाताना भार गजामधून पलीकडे पोचतो, पण उन्हाने स्लॅब वाढला-आकसला तर गज त्याला अडवत नाही. गज तिरका बसला की मात्र जोड जाम होतो आणि तडा भलतीकडे जातो. मोठ्या पेव्हरला गज वरून दाबून बसवणारा जोडभाग असतो. हाताच्या कामात ते पिंजऱ्यावर ठेवतात, आणि त्या पिंजऱ्यांवरून गमबूट घातलेली माणसं चालतात. (सलग सळ्या टाकून, जोड न देता केलेले रस्तेही जगात आहेत, टेक्ससमध्ये, बेल्जियममध्ये. ते प्रकरण निराळं आणि महाग.)

‘तडे लपवायला कटरने रेघा मारतात’

सगळ्या मेसेजात मला सर्वांत जास्त खटकलं ते हे.

काँक्रीट आकसतं. पाणी उडून जाताना आकसतं, रात्री थंड झाल्यावरही आकसतं. तापमान तीस अंशांनी उतरलं तर शंभर मीटर लांबीचा स्लॅब तीन सेंटिमीटरने आखडू बघतो, आणि खालचा थर त्याला धरून ठेवतो. मग तो फाटणारच. प्रश्न एवढाच की कुठे फाटायचं ते कोण ठरवणार, तो की आपण.

घरी नारळाच्या वड्या थापल्या की आई ताट समोर घेऊन बसायची, मधूनमधून बोट टेकवून बघायची. फार गरम असताना सुरी फिरवली तर वड्या सुरीला चिकटून कडा तुटतात. गप्पांच्या नादात गार झाल्या तर सुरी घातली की भलतीकडे भेगाळून तुकडे पडतात. मधली काही मिनिटं असतात, ती पकडायची. रस्त्याचा काप तंतोतंत तसाच. लवकर कापलं तर पात्याबरोबर खडी उखडून येते. उशीर झाला तर स्लॅब आपली वाट आपणच निवडतो. ही मधली वेळ ऊन, वारा आणि सिमेंट बघून साधारण सहा ते बारा तासांच्या आत येते, म्हणजे बऱ्याचदा पहाटे तीनला. आमचा कटरवाला नखाने स्लॅब ओरबाडून बघायचा. पांढरी रेघ उठली, पण खडीचा कण सुटला नाही, की मशीन चालू. जाडीच्या पाव ते तृतीयांश भागापर्यंत कापायचं. उरलेला भाग खालून त्याच रेषेत आपोआप तडकतो, आणि तो तडकायलाच हवा. पुढे त्या फटीत सीलंट भरतात, पाणी-माती आत जाऊ नये म्हणून.

म्हणजे काप हा तड्याचा पत्ता आपण आधीच लिहून ठेवण्याचा प्रकार आहे. तडा त्या पत्त्यावर न जाता शेजारी गेला, तर कटर उशिरा आला किंवा कमी खोल गेला असा संशय घ्या.

‘पाणी न मारता पांढरा रंग फवारतात’

तो रंग नाही, क्युरिंग कंपाउंड आहे. ताज्या स्लॅबवर पाणी ओतलं तर वरचा थर धुऊन जाईल, म्हणून आधी ही फवारणी. सुकल्यावर तिचा पातळ पापुद्रा आतलं पाणी उडू देत नाही, आणि पांढरा असल्यामुळे ऊन परतवतो. विदर्भातल्या मे महिन्यात, गरम वारा सुटलेला असताना, फवारणी अर्धा तास लांबली तरी स्लॅबवर केसांसारख्या भेगा उठलेल्या मी बघितल्यात. म्हणूनच उन्हाळ्यात काम रात्री आणि मालाचं तापमान तीसच्या खाली ठेवायला मिक्सरमध्ये बर्फ.

इथे मात्र मेसेजाला निम्मे गुण. कंपाउंड हे पाण्याला पर्याय नाही. स्लॅब जरा कडक झाला की त्यावर गोणपाट अंथरून किमान चौदा दिवस ओलं ठेवायचं असतं. कागदावर ते नेहमी ओलं असतं. प्रत्यक्षात चौथ्या दिवशी टँकर दुसरीकडे गेलेला, गोणपाट वाळून कडक, निम्मं कुणीतरी गुरांसाठी नेलेलं. रस्त्याची चोरी शोधायची असेल तर मामा, तिथे बघा. दुपारी दोनला जाऊन गोणपाटाला हात लावा.

ओरखड्यांबद्दल दोनच वाक्यं. ते मुद्दाम ओढतात, लोखंडी दातांच्या फणीने, स्लॅब ओला असतानाच, पावसात टायर घसरू नये म्हणून. गुळगुळीत रस्ता हवा असेल त्याने दिवाणखान्यात फरशी घालावी.

‘जुने हाताचे रस्ते पन्नास वर्षं टिकले’

काही टिकले, खरंच. मेसेजात मरीन ड्राइव्हचं नाव आहे. तिथलं जुनं काँक्रीट अनेक दशकं चाललं, वाद नाही. अमेरिकेत ओहायोतल्या बेलफाउंटन गावात तर १८९० च्या दशकातलं काँक्रीट अजून जागेवर आहे. पण जे टिकले तेच आपल्याला दिसतात, उखडलेल्यांवर केव्हाच डांबर पडलं. शिवाय ओझं बघा. इलिनॉयमध्ये १९५८ ते १९६० या काळात खास बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवून जी चाचणी झाली, तिच्यातून निघालेला ढोबळ नियम असा की ॲक्सलवरचं, म्हणजे चाकांच्या एका आसावरचं वजन दुप्पट झालं तर रस्त्याची झीज सोळापट होते. आपल्याकडे एका ॲक्सलवरची कायदेशीर मर्यादाच २०१८ साली १०.२ टनांवरून ११.५ टनांवर गेली, आणि ती पाळणारा वाळूचा ट्रक मला अजून भेटायचाय. पेव्हरने केलेला रस्ता टिकतो का हे बघायला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आहे. २००२ पासून तो घाटातले जड ट्रक सोसतोय. स्लॅब बदलावे लागलेत, पण रस्ता उभा आहे.

आता त्या फोटोबद्दल. त्यात डाव्या कडेला शटरिंगचं लोखंडी चॅनेल अजून पडलेलं दिसतंय, मधोमध मॅनहोलचं झाकण आहे, आणि त्याच्या कोपऱ्यातून तडा निघालाय. चॅनेल म्हणजे हाताचं काम. शहरातल्या अरुंद, दर चार पावलांवर चेंबर असलेल्या रस्त्यात एवढं मोठं मशीन उतरवताच येत नाही. मशीनविरुद्धच्या मेसेजाला बिनमशीनच्या रस्त्याचा फोटो लावलाय.

मला तो फोटो ओळखीचा वाटला, कारण आमच्या गल्लीतही तसंच झालं. मार्चमध्ये संध्याकाळी सहाला ओतायला सुरुवात केली, दहाला संपलं. सकाळी साडेसहाला दूध आणायला उतरलो तेव्हा चेंबरपासून गटारापर्यंत नागमोडी तडा पडलेला होता. कटरवाला आला साडेअकराला. त्याने टेपने साडेचार मीटर मोजले, खडूने रेघ मारली आणि तड्यापासून वीतभर अंतरावर एकदम सरळ काप मारला. मी म्हटलं, अहो, तडा तर इथे गेलाय. तो म्हणाला, साहेब, मला ड्रॉइंगमध्ये इथे सांगितलंय.