अर्धी ताकद आणि नागपूरचा मे महिना

एप्रिल लागला की आपल्या नागपुरात दोन जमाती दिसतात. एक, "उन्हाळ्यात कसला व्यायाम बाप्पा" म्हणत कूलरसमोर लोळणारी. दुसरी, उन्हालाच हरवायला निघालेली. सकाळी आठला फुटाळा तलावावर जाऊन बघा. डांबर तापायला लागलेलं असतं आणि पोरं अंगात घाम काढायचं प्लॅस्टिकचं जॅकेट घालून धावत असतात. तोंड लालबुंद, आ वासून धापा, वरून रील सुरूच. माझं भांडण आधी या दुसऱ्या जमातीशी, कारण यांच्यातलेच अर्धे नंतर मला आयुर्वेद शिकवतात.

शिकवतात तर पूर्ण वाचा ना भाऊ. अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात, दिनचर्येच्या अध्यायात, ग्रंथकर्त्या वाग्भटाने व्यायामाचं कौतुक केलंय: अंग हलकं होतं, कामाची ताकद वाढते, पचनाचा अग्नी पेटतो, मेद झडतो, शरीर रेखीव आणि घट्ट होतं. हे कोणत्याही जिमच्या भिंतीवर खपेल. त्याच्यापुढचं कोणी लावत नाही. बलवान असाल, दूधतूप खाऊन असाल, तरी थंडीत आणि वसंतात अर्ध्याच ताकदीने करा, बाकीच्या दिवसांत त्याहून कमी. ग्रीष्मात तर खारट, तिखट, आंबट यांच्या जोडीला व्यायाम आणि ऊनही टाळायला सांगितलंय. (सावजी रश्शाचं काय करायचं, त्यावर वेगळी पोस्ट.)

अर्धी ताकद मोजायची कशी? आयुर्वेदाचा दुसरा जुना आचार्य सुश्रुत, त्याने घड्याळ दिलेलं नाही. व्यायाम करताना छातीतला वायू तोंडावाटे यायला लागला, म्हणजे तोंडाने श्वास घ्यावा लागला, की अर्धं बळ खर्ची पडलं. ग्रंथावरच्या टीकांमध्ये, म्हणजे जुन्या स्पष्टीकरणांत, कपाळ, नाक, काखा, सांधे यांवरचा घामही सांगितलाय. मला हे माप फार आवडतं, कारण ते हवेप्रमाणे सरकतं. उन्हात अंग थंड ठेवायला हृदयाला त्वचेकडे जास्त रक्त ढकलावं लागतं, म्हणून जानेवारीत सहज जमणारा वेग मे महिन्यात धाप लावतो. मनगटावरच्या पट्टीचं दहा हजार पावलांचं टार्गेट मात्र दोन्ही महिन्यांत तेच. आणि ते जॅकेट? घाम वाळला तर अंग थंड होतं. प्लॅस्टिकच्या आत तो वाळतच नाही. काट्यावर कमी दिसतं ते पाणी असतं, चरबी नाही.

अति केलं तर काय होतं, याचीही यादी आहे: तहान, क्षय (अंग झिजणं), दम, रक्तपित्त (अंगातून रक्त जाणं), खोकला, ताप, उलटी. हत्ती ओढायला गेलेला सिंह जसा संपतो तसा माणूस संपतो, असं वाग्भट म्हणतो.

एका बाबतीत मात्र मी त्याचं ऐकणार नाही. म्हाताऱ्यांनी व्यायाम सोडावा, असं त्याने लिहिलंय. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या शिफारशींत पासष्टीपुढच्यांना आठवड्यातून तीन दिवस तरी तोल सांभाळण्याचे आणि ताकदीचे व्यायाम सांगितलेत. घरी आजी-आजोबा असतील तर हे धरा. पडून खुबा मोडला तर काय होतं, ते सगळ्यांनी पाहिलंय.

आता पहिल्या जमातीने खूश होऊ नये. तुमच्यासाठी सुश्रुताची प्रमेहचिकित्सा आहे; प्रमेह म्हणजे लघवीचे विकार, मधुमेह त्यातलाच. गरीब प्रमेही माणसाने चपला-छत्रीशिवाय, भिक्षा मागून खात, एका गावात एकच रात्र राहत शंभर योजनं (योजन म्हणजे काही कोसांचं जुनं माप) किंवा त्याहून जास्त चालावं. श्रीमंतालाही सुटका नाही. त्याने सावा-देवभात अशा रानधान्यावर राहावं, रानात हरणांबरोबर हिंडावं. इतरांनी शेत नांगरावं, नाहीतर विहीर खणावी. योजनाचं माप काहीही धरा, वर्धा रोडने निघालेल्याला बुटीबोरीत चहाला थांबून परत फिरता येणार नाही. शब्दशः कोणी करू नका, मधुमेहात अनवाणी चालणं तर मुळीच नको, पायाची जखम महागात पडते. पण औषधाच्या जागी त्याने घाम गाळणारं काम सांगितलंय, हे तरी बघा.

आमच्या नात्यातले एक काका चूर्णाचा डबा संपायच्या आत दुसरा मागवतात. चाला म्हटलं की म्हणतात, "ऊन किती आहे बे!" काका, पहाटे पाचला कुठलं ऊन?