टाकळा, नायटा आणि तुमचे काका: 'बंदरावरचा' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

बंदरावरचा दादा, तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली, लगेच काहीतरी खरमरीत लिहिणार होते पण लाईट गेली आणि मागोमाग मोबाईलची बॅटरी पण, ते बरंच झालं. सकाळी परत वाचली तर त्यातलं थोडं पटलं सुद्धा.

ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी: मागच्या वेळी मी लिहिलं होतं की टाकळ्याचा पाला वाटून नायट्यावर लावत बसू नका, डॉक्टरला दाखवा, आणि झाडापासून बनलेलं बुरशीचं एकही औषध दुकानात नाही. त्यावर दादांचं म्हणणं असं की त्यांच्या काकांचा कमरेवरचा नायटा टाकळ्यानेच गेला, झाडपाल्यावर ढिगाने रिसर्च पेपर आहेत, कंपन्या ते दाबून ठेवतात, एरंडेलाचं तुम्हाला माहीतच नाही, आणि "ताई, चार बुकं शिकलात म्हणून आजीला मूर्ख ठरवू नका".

आजीला मूर्ख कोण ठरवतंय हो. माझीच आजी पावसात पायाला चिखल्या झाल्या, अंगावर नायटा आला की म्हणायची, "अगो, टाकळ्याचो पालो वाटून लाव, चार दिसांत जाता बघ." आणि तिच्या म्हणण्यात केमिस्ट्री होतीच. टाकळ्यात क्रायसोफॅनॉल नावाचा रेणू आणि त्याची भावंडं असतात, ती नायट्याच्या बुरशीला त्रास देतात हे खरं आहे. ह्या भावंडांपैकीच एकाचा तर आपल्या बाजूशी जुना संबंध आहे. एकोणिसाव्या शतकात 'गोवा पावडर' नावाची पिवळट तपकिरी पूड नायट्यावर लावायचे, पोर्तुगीजांच्या गोव्यातून यायची म्हणून ते नाव, झाड मात्र ब्राझीलचं. गुण यायचा. पण कातडी लालभडक व्हायची, डोळ्यात गेली तर हाल, आणि कपड्यांवरचे डाग धुवून जात नसत. पुढे तिच्यातल्याच रेणूत फेरफार करून १९१६ च्या सुमारास डिथ्रॅनॉल बनवलं, ते सोरायसिसला वापरतात. बघा, झाडाचा रेणू, कंपनीनेच उचलला, दाबला नाही. तुमच्या अंगणातल्या सदाफुलीतून कॅन्सरवरची व्हिन्क्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन काढली, ती पण कंपनीनेच विकली. दमदार काही मिळालं तर कोण सोडतंय!

आता ते ढिगाने पेपर. एमएस्सीला असताना मी स्वतः टाकळ्याचा प्रयोग केलाय. पाला सावलीत सुकवला, मिक्सरला फिरवला, अल्कोहोलमध्ये भिजवून गाळला, त्यात फिल्टर पेपरच्या चकत्या बुडवल्या आणि बुरशी पसरलेल्या प्लेटवर ठेवल्या. दोन दिवसांनी उघडून बघते तर चकतीभोवती स्वच्छ गोल, बुरशी नाहीच! मी नाचायची बाकी होते. सरांनी प्लेट हातात घेतली, उजेडाकडे धरली आणि विचारलं, नुसत्या अल्कोहोलची चकती कुठाय? ती मी ठेवलीच नव्हती. परत केलं, तर नुसत्या अल्कोहोलभोवती पण गोल, थोडा लहान इतकंच, कारण मी चकत्या नीट वाळूच दिल्या नव्हत्या. म्हणजे माझा अर्धाअधिक शोध स्पिरिटचा होता. टाकळ्याचा वाटा उरला तो एवढुसा. अशा चकतीवाल्या प्रयोगांचे पेपर खूप निघतात, काही चांगले पण असतात, पण "प्लेटवर मेली" आणि "माणसाची बरी झाली" यात आंबेनळी घाटाएवढं अंतर आहे.

पहिली अडचण डोसची. फ्लुकोनॅझोल हे दुकानातलं बुरशीचं औषध साध्या कँडिडा बुरशीला मिलीलिटरमागे एक-दोन मायक्रोग्रॅममध्ये, कधी त्याहून कमीत आवरतं. पाल्याच्या कच्च्या अर्काला बरेचदा पाचशे, हजार लागतात. अर्कात बाकीचा गाळ पण असतो हे कबूल, पण ओव्यातला थायमॉल, लवंगेतला युजेनॉल असे शुद्ध रेणू घेतले तरी आकडा बहुतेक वेळा शंभराच्या घरातच असतो. पायाच्या बोटांच्या बेचक्यात तेवढं चोपडता येईल एक वेळ, रक्तात तेवढं नेणार कसं?

दुसरी अडचण मोठी. बुरशी ही बॅक्टेरियापेक्षा आपल्या जास्त जवळची आहे, तिची पेशी आणि आपली पेशी बरीचशी सारखी, त्यामुळे तिला मारताना आपल्याला लागणार नाही असं शोधणं अवघड. काजूच्या टरफलाचं तेल घ्या. प्लेटवर ते बुरशी मारतंच, त्यात अनाकार्डिक आम्लं असतात. पण फॅक्टरीत काजू फोडायला बसणाऱ्या बायकांचे हात बघितलेत ना, काळे पडलेले, सालटं निघालेले? आमच्या वाडीतल्या एका खलाशाने जांघेतल्या नायट्यावर हेच तेल लावलं होतं, त्या जागी फोड आले आणि बिचारा आठवडाभर बोटीवर जाऊ शकला नाही. नायटा नंतर क्रीमनेच गेला. तसंच रिठ्यातलं सॅपोनिन, बुरशीच्या पेशीचं आवरण फोडतं म्हणून झाडांना ते कामाचं, पण रक्तात गेलं तर आपल्या तांबड्या पेशी पण फोडतं. झाडाला काय, झाड पानात भरमसाट साठवून ठेवतं, पाच-दहा कमजोर रेणू एकत्र वापरतं, त्याचं भागतं. आपलं भागत नाही.

म्हणून असेल, पण पोटात किंवा शिरेतून द्यायची बुरशीची जी मोठी औषधं आहेत त्यात झाडाची जवळपास नाहीतच. ग्रायसिओफल्विन १९३९ ला पेनिसिलियम बुरशीतून मिळालं, नायस्टॅटिन १९५० मध्ये एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राऊन या दोघींनी व्हर्जिनियाच्या एका डेअरी फार्मच्या मातीतल्या जिवाणूतून काढलं, अँफोटेरिसिन पण मातीतल्या जिवाणूचंच. बुरशीशी रोज भांडणारे तेच, मग हत्यारं पण त्यांच्याचकडे.

आता एरंडेल. इथे मी चुकले, सरळ कबूल. एरंडेल प्रचंड तापवून त्यातून अनडेसायलेनिक आम्ल काढतात आणि ते पायाच्या बुरशीच्या पावडरीत, मलमात कितीतरी वर्षं आहे. एकही औषध नाही हे माझं वाक्य खोटं ठरलं, मी ते काढून टाकलंय. फक्त बाटलीतलं एरंडेल म्हणजे ते आम्ल नव्हे, त्यामुळे घरचं तेल चोळून तो गुण येणार नाही. टी ट्री नावाच्या ऑस्ट्रेलियन झाडाच्या तेलाचं पण असंच अर्धंमुर्धं आहे. १९९२ च्या एका चाचणीत १० टक्के क्रीमने पायाची खाज, सालटं कमी झाली, पण तपासणीत बुरशी जाण्याचं प्रमाण नुसत्या बिनऔषधी क्रीमपेक्षा जास्त नव्हतं. म्हणजे माणसाला वाटलं बरा झालो, बुरशी आपली जागेवर.

आणि हो, खोबरेल. नायटा वेगळा आणि पाठीवरचं पांढरं शिबं वेगळं. शिब्याची बुरशी मॅलासेझिया, ती तेलातल्या फॅटी ॲसिडवर जगते, खोबरेलातलं लॉरिक पण तिला चालतं. तिच्यावर खोबरेल चोपडणं म्हणजे पाहुण्याला अजून एक घावन वाढणं.

मग मी ह्या विषयाकडे बघतेच कशाला? कारण आपल्याकडचा नायटा बदललाय. २०२० मध्ये ट्रायकोफायटन इंडोटिनी असं वेगळं नाव मिळालेली बुरशी इथे पसरलीय, तिच्यातल्या बऱ्याच वाणांना टर्बिनाफिन हे नायट्याचं नेहमीचं औषध लागू पडत नाही, कारण औषध ज्या एन्झाइमला धरतं तेच बदललंय. त्यात भर म्हणून स्टिरॉइड मिसळलेली ट्यूब, दोन दिवसांत खाज गायब, महिन्याभरात नायटा पोटापासून मांडीपर्यंत. खरं सांगते, तुमच्या काकांनी टाकळ्याऐवजी ती ट्यूब लावली असती तर मी जास्त घाबरले असते. अशा हट्टी बुरशीवर झाडातले काही रेणू जुन्या औषधाच्या जोडीला देऊन बघतायत, दारुहळदीतलं बर्बेरिन फ्लुकोनॅझोलसोबत दिलं तर औषधाला न जुमानणारी कँडिडा प्लेटवर नरमते असं दिसलंय. एकट्याने नाही, जोडीने. मला आशा वाटते ती इथे, पण अजून प्लेटवरच आहे ते.

राहता राहिले काका. दादा, त्यांना एक विचारा, टाकळा लावला तो कुठल्या महिन्यात? टाकळा उगवतो मिरगाच्या पावसात, भाद्रपदापर्यंत मिळतो, म्हणजे लावून लावून लावणार कधी तर श्रावण-भाद्रपदात. त्यानंतर पाऊस ओसरतो, दोरीवरचे कपडे खडखडीत वाळतात, ओली चड्डी घालून दिवसभर शेतात राहणं थांबतं आणि नायटा तसाही मागे हटतो. मग गुण टाकळ्याचा की उन्हाचा? आणि पुढच्या आषाढात तो परत आला होता का, हे पण विचारा. नाही म्हणाले तर मला नक्की कळवा, आणि त्यांना पाला कच्चा वाटला की शिजवून लावला, ताकात की पाण्यात, सगळं विचारून ठेवा, मी गणपतीला गावी येणारच आहे.