सबबी तयार ठेवा

जगाच्या शेवटी देव सगळ्यांचा हिशेब घेणार, तो न्यायाचा दिवस कधी येईल हे कुणालाच ठाऊक नाही, असं प्रभू येशूनेच सांगून ठेवलंय. तेव्हा सबबी आजच तयार ठेवा, ऐन वेळी सुचत नाहीत. आदामाला सुचली, हे खरं. 'फळ खाल्लंस का?' एवढाच प्रश्न होता, हो की नाही सांगायचं. तर तो म्हणाला, तू जी बाई मला दिलीस ना, तिने दिलं. एका दमात बायकोही अडकली आणि देवही. हव्वेने सापाकडे बोट दाखवलं. सापाला बोटच नव्हतं, म्हणून प्रकरण तिथे थांबलं.

तुम्ही घराण्यापासून सुरुवात करा. 'आमच्या पणजोबांना नगरला मिशनच्या साहेबाने स्वतःच्या हाताने बाप्तिस्मा दिला.' मंडळीच्या निवडणुकीत हे वाक्य चालतं, तेव्हा वरही चालेल असं धरून चला. फक्त तेवढ्यात यहेज्केल संदेष्टा आडवा यायला नको. तो चौदाव्या अध्यायात म्हणतो, देशात नोहा, दानीएल आणि ईयोब असले तरी ते आपापला जीव तेवढा वाचवतील. मुलगा नाही की मुलगी नाही. जलप्रलयात नोहाच्या तारवात तर त्याची मुलं-सुना बसली होती! तरी नाव नेमकं त्याचंच घेतलं. असो, पणजोबांचा फोटो पुसून ठेवा.

वशिल्याचं मात्र अवघड दिसतं. मायकलअँजेलोने १५३६ ते १५४१ या काळात सिस्टीन चॅपेलच्या भिंतीवर अंतिम न्यायाचं चित्र काढलं. त्यातल्या उघड्या देहांवर पोपच्या दरबारातल्या बियाजो दा चेझेना नावाच्या अधिकाऱ्याने नाक मुरडलं. चित्रकाराने त्याला थेट नरकात रंगवला, गाढवाचे कान लावून. तो पोपकडे रडत गेला. पोप म्हणे म्हणाले, स्वर्गाआधीच्या शुद्धिस्थानात असतास तर काही करता आलं असतं, नरकात माझं चालत नाही. साक्षात पोपचं चालेना, तिथे तुमचे ट्रस्टी काय करणार?

ट्रस्टींवरून आठवलं. कबरस्तानाच्या वॉचमनचा तीन महिन्यांचा पगार अडकला, त्यात तुमचा दोष नाही. ठराव कमिटीचा होता, तुम्ही फक्त हात वर केला. येशूला क्रुसावर द्यायला सोपवताना रोमी सुभेदार पंतय पिलाताने तर हात धुतलेही होते. तरी जगभरच्या चर्चमध्ये विश्वास कबूल करताना त्याचं नाव येतंच, पण ते मनावर घेऊ नका.

बोलण्याचा हिशेब जड जाईल. माणसं जो जो व्यर्थ शब्द बोलतील त्याचा जाब द्यावा लागेल, असं मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात आहे. यावर आपल्या मंडळीने उत्तम उपाय काढलाय. उपासना सुटली की चपला शोधता शोधता शेजारणीच्या कानाला लागायचं: 'अमक्यांच्या थोरलीसाठी प्रार्थना करा हं. घरी परत आलीये. जास्त काही विचारू नका.' शेजारीण अर्थातच विचारते. मग सासरचं गाव, नवऱ्याचं पिणं, दागिने कुठे गेले, सगळं ओळीने येतं आणि शेवटी दोघी डोळे मिटून 'प्रभू बघून घेईल' म्हणतात. याला चुगली म्हणायचं नाही, हा प्रार्थनेचा विषय आहे. संध्याकाळपर्यंत तो व्हॉट्सअ‍ॅपवर तीन ग्रुपांत पोचतो. जाब विचारलाच तर सांगा, मी लिहिलं नव्हतं, नुसतं फॉरवर्ड केलं.

राहता राहिला मत्तयाचा पंचविसावा अध्याय: न्यायाला बसलेला राजा लोकांना वेगळं करतो, मेंढरं उजवीकडे, शेरडं डावीकडे. भुकेल्याला जेवू घातलंत का, उघड्याला पांघरलंत का, तुरुंगात भेटायला गेलात का, एवढंच विचारतात. पेपर आधीच फुटलाय म्हणायचा. तुरुंगाचा प्रश्न ऑप्शनला टाका. पांघरुणाचा पुरावा तुमच्याकडे आहेच: नाताळच्या आदल्या रात्री, एसटी स्टँडवर, एका ब्लँकेटला सहा हात लागलेत आणि एकजण म्हातारीला सांगतोय, 'आजी, इकडे बघा, कॅमेऱ्याकडे.' फ्लॅश नीट पडला नाही म्हणून ब्लँकेट परत घेऊन दुसऱ्यांदा दिलं होतं. दोन्ही फोटो जपून ठेवा, दोनदा दिल्याचं दाखवता येईल.

त्या अध्यायात उजवीकडचे लोक मात्र अगदीच बिनतयारीचे. राजा म्हणतो, तुम्ही मला पांघरलंत. आणि हे उलट त्यालाच विचारतात, 'कधी?' तारीख नाही, फोटो नाही. तुमचं तसं व्हायला नको. मोबाइल चार्ज करून ठेवा.