खुलासा : पदक म्हणजे थेरपीचा परवाना नव्हे

‘ऑलिम्पिक गाजवलेला खेळाडू निवृत्तीनंतर थेट थेरपिस्ट होतो, मैदानाचा अनुभव हीच त्याची पदवी’ असा मजकूर सध्या फिरतोय. उदाहरण म्हणून अमेरिकी जलतरणपटू मायकल फेल्प्सचं नाव चिकटवलेलं. फेल्प्सची 28 ऑलिम्पिक पदकं खरी, त्यातली 23 सुवर्ण. स्वतःच्या नैराश्याबद्दल तो मोकळेपणानं बोलतो, हेही खरं. पण तो थेरपिस्ट, म्हणजे मानसिक त्रासावर उपचार करणारा तज्ज्ञ, नाही.

मुळात इथे दोन कामांची खिचडी झाली आहे. स्टार्टिंग ब्लॉकवर पाय थरथरत असताना श्वास कसा लांबवायचा, चुकलेली उडी डोक्यातून कशी काढायची, हे कामगिरीचं मानसशास्त्र. त्याच खेळाडूला जेवणाचीच भीती वाटते, झोप उडालीये, जगावंसं वाटत नाही, तेव्हा लागते ती थेरपी. त्यासाठी रीतसर शिक्षण आणि अनुभवी तज्ज्ञाच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्णांसोबत काढलेले तास लागतात. त्यातून सूट कोणालाच नसते, विश्वविजेत्यालाही.

अनुभव फुकट जातो असं नाही. खेळाडू रीतसर शिकून थेरपिस्ट झाला, तर समोरच्याला दुखापतीनंतरचं रिकामपण त्याला समजावून सांगावं लागत नाही, ही मोठीच सोय. पण ‘माझंही असंच झालं होतं’ हे वाक्य कधी गिळायचं, तेही शिकावं लागतं.