‘वर्षभर अप्रेंटिस, मग थेट लोको पायलट’: या मेसेजमध्ये खरं किती?

आयटीआयचे निकाल लागले की एक मेसेज हमखास फिरायला लागतो. शब्द थोडे बदलतात, गाभा तोच: ‘रेल्वेत अप्रेंटिस भरती. परीक्षा नाही, मार्कांवर निवड. एक वर्ष ट्रेनिंग, मग थेट लोको पायलट (म्हणजे रेल्वे इंजिन चालक), कायम नोकरी. चष्मा असेल तर लेसर करून घ्या. फॉर्मसाठी संपर्क साधा.’ खाली कुणाचा तरी मोबाइल नंबर. यातला एक भाग खरा आहे आणि त्याच्या जोरावर बाकीचं सगळं खपतं.

खरा भाग आधी. अप्रेंटिससाठी परीक्षा नसते. दहावीचे टक्के आणि आयटीआयचे मार्क यांची सरासरी काढून रेल्वे भरती कक्ष, म्हणजे आरआरसी, यादी लावतो. वय १५ ते २४. मध्य रेल्वेच्या जाहिरातीत मुंबई, भुसावळ, पुणे, नागपूर आणि सोलापूर असे गट असतात. इथपर्यंत मेसेज बरोबर आहे.

‘मग थेट लोको पायलट’ इथे गाडी घसरते. अप्रेंटिस म्हणून तुम्ही जाता ते कारखान्यात किंवा शेडमध्ये. परळला जाल, माटुंग्याला डब्यांच्या कारखान्यात जाल, इंजिनांची देखभाल होते अशा एखाद्या लोको शेडमध्ये जाल. फिटर असाल तर बोगी आणि ब्रेकचं काम शिकाल, इलेक्ट्रिशियन असाल तर मोटर आणि वायरिंग. मनमाडच्या कारखान्यात तर पुलांचे गर्डर बनतात, तिथे इंजिनाशी संबंधच येत नाही. वर्ष संपल्यावर परीक्षा देऊन तुमच्या ट्रेडचं राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रमाणपत्र मिळतं. ते दुरुस्तीच्या कामाचं असतं. गाडी चालवणं हा त्या अभ्यासक्रमाचा भागच नाही.

‘कायम नोकरी’ हेही खोटं. हे प्रशिक्षण १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली चालतं, आणि यामुळे रेल्वेत सामावून घेण्याचा हक्क मिळत नाही, असं भरतीच्या जाहिरातीतच लिहिलेलं असतं. पण जाहिरात शेवटपर्यंत वाचतो कोण? रेल्वेत अप्रेंटिस पूर्ण केलेल्यांना लेव्हल-१ च्या, म्हणजे सर्वांत खालच्या वेतनश्रेणीच्या, थेट भरतीत २० टक्के जागा राखीव आहेत: ट्रॅक मेंटेनर, पॉइंट्समन, हेल्पर या जागा. २० मार्च २०१८ ला माटुंगा-दादर दरम्यान अप्रेंटिस मुलांनी रुळांवर बसून ऐन गर्दीच्या वेळी लोकल अडवल्या, त्यांचा राग याच २० टक्क्यांच्या मर्यादेवर होता. नोकरी आपोआप मिळत असती तर ती मुलं रुळावर कशाला उतरली असती?

लोको पायलट व्हायचा दरवाजा वेगळा आहे. त्याचं नाव असिस्टंट लोको पायलट, एएलपी. ही भरती रेल्वे भरती मंडळ, म्हणजे आरआरबी, करतं आणि इथे परीक्षा आहे, चांगली जाड परीक्षा आहे. पहिली संगणक परीक्षा ७५ प्रश्नांची. दुसरीचे दोन भाग, त्यातला ‘ब’ भाग तुमच्या ट्रेडवर, नुसता पास होण्यापुरता. चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापतात. मग येते सीबीएटी, मानसिक क्षमतेची चाचणी, आणि भले भले इथे अडकतात. स्मरण, सूचना पाळणं, खोलीचा अंदाज, एकाग्रता, नजरेचा वेग, असे पाच प्रकार. प्रत्येकात वेगळा किमान टी-स्कोअर, म्हणजे इतरांच्या तुलनेत काढलेला गुणांक, ४२ लागतो. चारांत अव्वल आणि एकात ४१ असेल तर खेळ संपला. राखीव प्रवर्गालाही यात सूट नाही. अंतिम यादीत दुसऱ्या परीक्षेच्या ‘अ’ भागाला ७० टक्के आणि सीबीएटीला ३० टक्के वजन असतं. मराठी मुलांनी एक लक्षात ठेवावं: बाकीच्या परीक्षा मराठीतून देता येतात, सीबीएटी मात्र फक्त हिंदी आणि इंग्रजीत असते.

मेसेज ट्रेडबद्दल अवाक्षर काढत नाही, आणि नुकसान इथेच सर्वांत जास्त होतं. अप्रेंटिसला वेल्डर, पेंटर, कारपेंटर सगळे चालतात. एएलपीच्या यादीत फिटर, इलेक्ट्रिशियन, वायरमन, टर्नर, मशिनिस्ट, डिझेल मेकॅनिक वगैरे आहेत, वेल्डर नाही. म्हणजे वेल्डरने दहावीनंतर डिप्लोमा किंवा डिग्री केलेली नसेल, तर वर्षभर अप्रेंटिस करूनही तो एएलपीचा फॉर्मसुद्धा भरू शकत नाही. आयटीआयला प्रवेश घेतानाच हे माहीत हवं.

लेसरचा सल्ला मात्र निव्वळ घातक आहे. एएलपीला वैद्यकीय श्रेणी ए-१ लागते: दोन्ही डोळ्यांना चष्म्याशिवाय ६/६, शिवाय रंगांची नीट ओळख. लेसिक किंवा चष्म्याचा नंबर घालवणारी कुठलीही शस्त्रक्रिया केलेला उमेदवार या पदाला अपात्र ठरतो, असं जाहिरातीत स्पष्ट दिलेलं आहे. घरच्यांनी कर्ज काढून डोळ्यांचं ऑपरेशन करायचं आणि त्याच ऑपरेशनमुळे बाद व्हायचं!

बरं, एएलपी झालात तरी एका वर्षात गाडी हातात येत नाही. आधी प्रशिक्षण, मग असिस्टंट म्हणून शेजारच्या खुर्चीत बसून सिग्नल मोठ्याने पुकारत जायचं. पुढे मालगाडी, पॅसेंजर, मेल-एक्सप्रेस. दर नव्या सेक्शनवर आधी लर्निंग रोड, म्हणजे सिग्नल, चढ-उतार, वळणं दिवसा-रात्री पाहून घ्यायची. साताऱ्याच्या सुरेखा यादव १९८९ ला असिस्टंट ड्रायव्हर झाल्या. डेक्कन क्वीन त्यांनी चालवली २०११ मध्ये, सोलापूर-मुंबई वंदे भारत २०२३ मध्ये. आणि त्या आल्या होत्या डिप्लोमा करून, अप्रेंटिसमधून नव्हे.

मग हा समज आला कुठून? वाफेच्या इंजिनांच्या काळात क्लीनरचा फायरमन, म्हणजे इंजिनात कोळसा टाकणारा, आणि फायरमनचा ड्रायव्हर व्हायचा. आजोबांच्या तोंडून ते ऐकलेलं असतं. दुसरीकडे ब्रिटन आणि जर्मनीत खरोखरच ट्रेन ड्रायव्हरची अप्रेंटिसशिप आहे. तिथे कंपनी तुम्हाला आधी निवडते, पगार देते आणि गाडी चालवायलाच शिकवते. तिथले व्हिडिओ बघून इथल्या फॉर्मवर स्वप्नं बांधली जातात.

अप्रेंटिस करू नका असं मी म्हणत नाही. दहावीसोबत यादीतल्या ट्रेडची पूर्ण अप्रेंटिसशिप एएलपीच्या पात्रतेत धरली जाते, हाताला काम येतं, लेव्हल-१ चा राखीव वाटा मिळतो. एकदा रेल्वेत शिरलात की जीडीसीई ही खात्यांतर्गत परीक्षा देऊन एएलपी होता येतं. वाट लांब आहे, पण खरी आहे. तेव्हा अप्रेंटिस चालू असतानाच एएलपीचा अभ्यास धरावा. वयाची अट खुल्या प्रवर्गाला २०२५ च्या जाहिरातीत १८ ते ३० होती, त्यामुळे वाट बघत बसायला फार वर्षं नसतात.

आणि तो खालचा मोबाइल नंबर. मध्य रेल्वेच्या अप्रेंटिस अर्जाचं शुल्क १०० रुपये. एएलपीचं ५००, त्यातले ४०० पहिल्या परीक्षेला बसलात की परत. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना २५०, तेही परत. दोन्ही अर्ज आरआरसी आणि आरआरबीच्या संकेतस्थळावर स्वतः भरता येतात. याहून जास्त पैसे मागणारा माणूस रेल्वेचा नाही.