टाकीची लाईन बारीक केली की शॉवरला प्रेशर येतं म्हणे!

सध्या सोसायटीच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय, सोबत छोटा व्हिडिओ पण आहे. म्हणणं असं की गच्चीवरच्या टाकीतून खाली येणारा पाईप जाड असला की पाणी त्यात "पसरतं" आणि प्रेशर मरतं, म्हणून एक इंची लाईन काढा, अर्धा इंची टाका, शॉवरला डबल प्रेशर येईल, आणि वर "प्लंबर हे सांगणार नाही" हे ठरलेलं वाक्य. पुरावे चार दिलेत: शाळेतलं सूत्र, बागेच्या पाईपवरचा अंगठा, बर्नोली नावाच्या शास्त्रज्ञाचा नियम आणि ब्लड प्रेशर.

"प्रेशर म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ, क्षेत्रफळ घटलं की प्रेशर वाढणारच"

सूत्र बरोबर आहे हो, पण भागाकार तेव्हाच वाढेल जेव्हा वरचं बल तेवढंच राहील. इथे पाईप बारीक केला की त्यात उभ्या असलेल्या पाण्याचं वजनही त्याच प्रमाणात घटतं, हिशोब जिथल्या तिथे. नळ बंद असताना प्रेशर फक्त उंचीवर ठरतं, दर 10 मीटरला साधारण 1 बार (बार हे प्रेशरचं माप), मग पाईप अर्धा इंची असो की चार इंची. गवंडी लेव्हल काढायला पाण्याची पारदर्शक नळी वापरतात ना, तिच्या एका टोकाला जाड तुकडा जोडून बघा, पाणी दोन्हीकडे एकाच रेषेत थांबेल.

खरा खेळ नळ उघडल्यावर सुरू होतो आणि मेसेजमध्ये नेमकं तेच गाळलंय. पाणी वाहायला लागलं की पाईपच्या भिंतीशी घासून प्रेशर खर्च होतं, आणि तेवढंच पाणी न्यायचं असेल तर व्यास घटेल तसा हा खर्च साधारण त्याच्या पाचव्या घाताने वाढतो, म्हणजे व्यास निम्मा केला की खर्च जवळजवळ 32 पट! आकडे घालून बघू, प्रेशर उंचीच्या मीटरमध्येच मोजू. टाकीतलं पाणी शॉवरच्या 6 मीटर वर आहे, प्लॅस्टिकची लाईन 20 मीटर आहे, शॉवर मिनिटाला 10 लिटर पाणी घेतोय. आतून 25 मिलीमीटरचा पाईप असेल तर 6 मीटरमधले जेमतेम 15-16 सेंटीमीटर वाटेत जातात. 15 मिलीमीटरचा असेल तर पावणेदोन मीटर जातात. आता कोणीतरी किचनचा नळ सोडला आणि लाईनमधून मिनिटाला 20 लिटर जायला लागले, तर जाड पाईपमध्ये खर्च अर्ध्या मीटरवर जातो आणि बारीक पाईपमध्ये पावणेसहा मीटरवर, म्हणजे शॉवरसाठी उरलं काय, वीस-पंचवीस सेंटीमीटर. प्रत्यक्षात शॉवर एवढा गळपटतो की 20 लिटर पूर्ण वाहतच नाहीत. "कोणी नळ सोडला रे?" अशी बाथरूममधून येणारी हाक बऱ्याच घरांत याच कारणाने येते. यात एल्बो (पाईपची वळणं) आणि वॉल्व्ह मी धरलेच नाहीत, आणि सीपीव्हीसी या प्लॅस्टिकचा अर्धा इंची पाईप आतून 15 मिलीमीटरही भरत नाही.

"अंगठा लावला की पाणी लांब जातं, म्हणजे प्रेशर वाढलं"

हा पुरावा सगळ्यात भारी, कारण तो डोळ्यांना दिसतो. पण पाईप मोकळा सोडलेला असतो तेव्हा भरपूर पाणी वाहतं आणि जवळजवळ सगळं प्रेशर पाईपच्या लांबीत घासून संपतं, तोंडाशी पाणी नुसतं ओघळतं. अंगठा लावला की प्रवाह कमी होतो, प्रवाह कमी म्हणून वाटेतला खर्च कमी, त्यामुळे अंगठ्यामागे मूळ प्रेशरपैकी बरंच शिल्लक राहतं आणि ते त्या फटीत वेगात बदलतं. म्हणजे नवीन काही तयार झालं नाही, जे वाया जात होतं ते वाचलं. त्यालाही कमाल मर्यादा उंचीचीच, 6 मीटरवरच्या टाकीतून सेकंदाला 11 मीटरपेक्षा जास्त वेग कुठल्याच अंगठ्याने निघणार नाही. आणि बादली लावून बघा, अंगठा लावलेला पाईप ती भरायला जास्त वेळ घेतो.

मुख्य म्हणजे अंगठा पाईपच्या शेवटाला असतो! मेसेज सांगतोय अख्खा पाईपच बारीक करा, तसं केलं की वाटेतला खर्च वाढतो, जो अंगठ्याने कमी झाला होता. दोन्ही गोष्टी बरोब्बर उलट आहेत आणि व्हिडिओत एकाच वाक्यात जोडून टाकल्यात.

"हाच तर बर्नोलीचा नियम"

बर्नोलीने 1738 मध्ये मांडलं ते याच्या विरुद्ध आहे. अरुंद जागी वेग वाढतो, आणि तो वाढायला ऊर्जा प्रेशरमधूनच येते, म्हणून तिथे प्रेशर पडतं. विश्वास नसेल तर ठिबकवाल्या शेतकऱ्याला विचारा. खत सोडायची व्हेंच्युरी असते ती मधे चिमटलेली असते, मेन लाईनचा वॉल्व्ह थोडा आवळला की पाणी बाजूने तिच्यातून जातं, चिमटलेल्या जागी प्रेशर हवेच्या दाबाच्याही खाली जातं आणि बादलीतलं विरघळलेलं खत बारीक नळीतून आपोआप लाईनमध्ये ओढलं जातं. अरुंद जागी प्रेशर वाढत असतं तर पाणी उलटं बादलीत आलं असतं (वॉल्व्ह नीट आवळला नाही तर येतंही, कारण मग दोन्ही बाजूंच्या प्रेशरमध्ये पुरेसा फरकच पडत नाही). पुढे पाईप परत रुंद झाल्यावर प्रेशर बरंचसं परत येतं, सगळं नाही.

"नसा बारीक झाल्या की बीपी वाढतं की नाही?"

वाढतं, पण का? शरीरभरच्या बारीक धमन्या आवळल्या तरी हृदय जास्त जोर लावून रक्त ढकलत राहतं, म्हणून अडथळ्याच्या अलीकडे प्रेशर वाढतं. हृदय पंप आहे, टाकी नाही. गच्चीवरची टाकी जास्त जोर कुठून आणणार? आणि अडथळ्याच्या पलीकडे तर प्रेशर कमीच होतं. हृदयाच्या धमनीतला ब्लॉक किती नडतोय ते बघायला डॉक्टर औषधाने प्रवाह वाढवून प्रेशर मोजणारी वायर ब्लॉकच्या पलीकडे नेतात, पलीकडचं भागिले अलीकडचं हा आकडा 0.80 किंवा कमी आला तर ब्लॉक नडतोय असं धरतात. आपला शॉवर पण अडथळ्याच्या पलीकडेच आहे.

आता प्रेशर खरंच कमी असेल तर लाईन जाड ठेवा आणि बारीक करायचंच असेल तर शेवटच्या टोकाला करा, कमी भोकांचा शॉवर लावा. त्याआधी नळाची जाळी काढून धुवा, जुना जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाईप असेल तर आतून गंजून किती उरलाय ते बघा, कुठला वॉल्व्ह अर्धवट बंद तर नाही आणि लाईन मधेच वर चढून खाली उतरत असेल तर तिथे हवा धरत नाही ना, हेही तपासा. वरच्या मजल्यावर टाकीतलं पाणी शॉवरच्या फक्त दीड मीटर वर असेल तर मुळात 0.15 बारच हातात आहे, तिथे टाकी उंच करा नाहीतर प्रेशर पंप बसवा.