भोंडला, नवरोज आणि हॅलोविन : एका बडोदेकर काकांना उत्तर

काका, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. दोन ओळींत 'धन्यवाद' म्हणून सोडून देण्यासारखी ती नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

ज्यांनी मूळ लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी : मी ज्या खासगी विद्यापीठात शिकवते, तिथल्या आंतरराष्ट्रीय वसतिगृहात मार्चमध्ये झालेला नवरोज, म्हणजे अफगाण मुलींचं नवं वर्ष, आणि ३१ ऑक्टोबरला झालेली हॅलोविनची संध्याकाळ, या दोन्हींबद्दल मी कौतुकानं लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं : परक्यांच्या सणांना सभागृह, रोषणाई, पैसा सगळं मिळतं आणि आपल्या मुलींच्या भोंडल्याला एक वर्गखोली मिळत नाही. पाहुण्यानं पाहुण्यासारखं राहावं. काकूंच्या माहेरी, बाबाजीपुऱ्यातल्या वाड्यात, नऊ दिवस भोंडला व्हायचा, तो आता कुठे दिसत नाही, हेही तुम्ही लिहिलंत. त्या ओळीपाशी मी थांबले.

आधी माझी चूक मान्य करते. मी हॅलोविन आणि नवरोज 'परदेशी सण' म्हणून एकाच माळेत ओवले. तुमचं वाचल्यावर वसतिगृहातल्या मुलांना विचारलं. आमच्याकडे अफगाणिस्तान, टांझानिया, झिंबाब्वे, नेपाळ, भूतान इथली मुलं आहेत. हॅलोविन त्यांच्यापैकी एकाच्याही घरी होत नाही. टांझानियाचा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, मी हॅलोविन पहिल्यांदा बडोद्यात पाहिलं." ती संध्याकाळ ठरवली होती आपल्याच मुलांनी, अलकापुरीतल्या आणि सुरतेच्या. तिकीट लावलं होतं, सजावटीचं काम एका इव्हेंट कंपनीला दिलं होतं आणि भोपळे प्लॅस्टिकचे होते. खंडेराव मार्केटात लाल भोपळ्यांचे ढीग असताना! तेव्हा त्या सभागृहाचा आणि पैशांचा तुम्हाला आलेला राग मला पटतो. फक्त तो पाहुण्यांवर काढू नका. त्यांनी तो सण आणलेला नाही.

हॅलोविनबद्दलही एक सांगते. आयर्लंडमध्ये लोक सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. एकोणिसाव्या शतकात आयरिश माणसं पोटासाठी अमेरिकेत गेली, तिथे त्यांना भोपळा मिळाला, तो मोठा आणि कोरायला सोपा. घरापासून लांब गेलेल्या माणसांनी हाताशी आलेल्या फळात आपला दिवा लावला. हे मला फार जवळचं वाटतं. आमच्या सभागृहात मात्र कोणाच्याच आठवणीतलं काही नव्हतं.

नवरोजचं तसं नव्हतं. अफगाण मुलींनी दोन दिवस आधी हफ्त मेवा भिजत घातला होता. मनुका, बदाम, पिस्ते, अक्रोड, जर्दाळू असा सात प्रकारचा सुका मेवा नुसत्या पाण्यात भिजवायचा, साखर घालायची नाही. फळांचीच गोडी पाण्यात उतरते. एकीनं माझ्या हातात वाटी दिली आणि म्हणाली, "साल-ए-नव मुबारक." काका, मी क्षणभर बघतच राहिले. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी, बेसतं वरसला म्हणजे गुजराती नव्या वर्षाला, सकाळी उठून शेजारच्या गुजराती घरी आपण काय म्हणतो? साल मुबारक! साल हा शब्द फारसी, मुबारक अरबी. आणि २१ मार्चचा नवरोज आपल्या गावातले पारशीही पाळतातच. त्या वाटीत परकं काय होतं, ते मला खरंच सांगता येणार नाही.

आता 'स्थानिक' या शब्दाकडे येते. आपण बडोद्याचे मराठी. अठराव्या शतकात गायकवाडांच्या फौजेबरोबर आपले पूर्वज इथे आले, गणपती आणि भोंडला घेऊन आले. ज्यांना आपण आज बडोद्याची ओळख मानतो ते सयाजीराव महाराजही १८७५ साली, बारा वर्षांचे असताना, मालेगावजवळच्या कवळाण्याहून दत्तक आले. इथला मुळचा सण गरबा. त्याच आश्विनातल्या नऊ रात्री. तिथे मधोमध छिद्रांचा मातीचा गरबो आणि आत दिवा, आपल्याकडे मधोमध पाटावर हत्ती, आणि दोन्हीकडे बायका गोल फिरतात. कोजागरीला आपण आटीव दूध पितो, त्याच चांदण्यात शेजारी शरद पूनमचे दूधपौंआ खातात. आपला भोंडला या गावानं कधी बाहेरचा म्हणून हटकला नाही. दांडिया बाजारातल्या गणपतीला गुजराती माणूस आपलाच म्हणून येतो. मग आपल्या तोंडी 'पाहुण्यानं पाहुण्यासारखं' हे शोभत नाही.

शिवाय हे शहर एकदा या बाबतीत चुकलेलं आहे. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला शिकून आलेले डॉ. आंबेडकर १९१७ मध्ये इथे नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला कोणी जागा दिली नाही. पारशी धर्मशाळेतूनही त्यांना बाहेर काढलं गेलं आणि ते कमाटी बागेत झाडाखाली बसले. आज आफ्रिकेतल्या मुलांना खोली शोधताना जे ऐकावं लागतं ते मी त्यांच्याकडून ऐकते, तेव्हा मला ते झाड आठवतं. म्हणून त्यांच्या सणाला वसतिगृहाचं अंगण मिळावं यासाठी मी भांडेन.

राहिली वर्गखोली. मी कार्यालयात जाऊन नोंदवही पाहिली. भोंडल्यासाठी खोली नाकारलेली नाही, काका. गेल्या तीन वर्षांत कोणी मागितलीच नाही. मराठी मुलींनी अर्ज केला नाही आणि मीही केला नाही. मुलींना विचारलं तर भोंडला नावानं माहीत आहे, पण गाणी येत नाहीत, आणि खिरापत ओळखायची असते हे एकीलाच ठाऊक होतं. काकूंच्या वाड्यात जो भोंडला व्हायचा त्याला खोली लागत नव्हती. रोज एका घरानं खिरापत करायची आणि ती कोणाला ओळखता येऊ नये म्हणून झाकून आणायची, एवढ्यावर तो चालायचा. वाडे पडले, तिथे सदनिका झाल्या, आया नोकरीवरून साडेसातला घरी येतात आणि पोरी आठला गरब्याचे पास घेऊन निघतात. माझी मुलगीही निघते. भोंडल्याची जागा अफगाण मुलींनी घेतली नाही. ती आपल्याच हातून रिकामी झाली आणि याचं दुःख मला तुमच्याइतकंच आहे.

म्हणून अर्ज केला आहे. येत्या वर्षी (२०२६) गुढीपाडवा १९ मार्चला आहे आणि नवरोज त्यानंतर दोनच दिवसांनी. वसतिगृहाच्या अंगणात दोन्ही करायचं ठरलं आहे, तिकीट नाही आणि इव्हेंट कंपनीही नाही. पाडव्याला सकाळी गुढी उभारायची आणि संध्याकाळी त्याच अंगणात मुली मेवा भिजत घालतील, म्हणजे तो २१ला तयार होईल. साखरेच्या गाठी होळीच्या आधीच घेऊन ठेवीन, कारण इथे त्या हारडा म्हणून होळीलाच मिळतात. कडुनिंब आवारात आहे. बांबू आणि जरीचं वस्त्र तेवढं हवं आहे.

भोंडल्याला आश्विन उजाडेल, पण गाणी आत्तापासून शिकायला हवीत. मराठी मुली सहा आहेत आणि नेपाळच्या दोघींनाही शिकायचं आहे. काकू शनिवारी दुपारी तासभर येतील का, एवढं विचारून कळवा. त्यांना न्यायला-आणायला मी स्वतः येईन. आणि त्यांच्या माहेरी पाटावरचा हत्ती तांदळानं काढायचे की खडूनं, तेही विचारा.